खाऱ्या पाण्यातले किडे

भूमच्या फुफीच्या घरात पाऊल टाकलं की आधी समुद्राचा वास यायचा. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता. ईटहून भूमला येणं हाच माझा मोठा प्रवास, तोही अब्बांच्या मोटरसायकलवर मागे पत्र्याची पेटी धरून बसून. त्यामुळे तो ओलसर, मिठाचा, थोडा लोखंडासारखा वास कशाचा हे मला कळलं नाही. मला वाटलं, घरात कुणाला तरी कापलंय आणि रक्त नुकतंच पुसलंय. फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. भूमच्या कॉलेजात माझं नाव अकरावी सायन्सला घातलं होतं आणि दोन वर्षं मी तिच्याकडे राहायचं ठरलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं. दिवसभर ती पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत बसायची. मशीनची ती टकटक आणि तिच्या खालून, जमिनीतून यावा तसा येणारा एक सारखा बुडबुड आवाज, हे त्या घराचे दोन आवाज होते. बुडबुड मधल्या खोलीतून यायची.

मधल्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यावर उन्हाळा-हिवाळा जाड वाकळ टांगलेली असायची. आत चार हात लांबीची काचेची टाकी होती. फुफांनी, म्हणजे फुफीच्या नवऱ्यानं, तरुणपणी मुंबईत शोभेच्या माशांच्या दुकानात बरीच वर्षं काढली होती. परत आले ते ही टाकी आणि समुद्रातले सच्छिद्र दगड ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊनच. बाजारपेठेत त्यांचं माशांचं छोटं दुकान होतं, पण तिथले मासे गोड्या पाण्यातले. खाऱ्या पाण्याची ही एकच टाकी, आणि ती विकायची नव्हती. पुण्याहून मिठाचं पोतं यायचं, फिल्टरच्या जारच्या पाण्यात ते मोजून विरघळवायचं, काचेची नळी सोडून खारटपणा बघायचा. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या आत तरंगत ठेवायच्या. टाकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे होते आणि लाल पाठीचे, लांब पांढऱ्या मिशांचे दोन झिंगे. फुफा पाण्यात हात सोडून गप्प बसायचे, मग झिंगे त्यांच्या बोटांवर चढून नखांतली घाण वेचून खायचे. पहिल्यांदा मी हात घातला तेव्हा अंगावर काटा आला होता. सुई टोचत नाही, नुसती चालते, तसं वाटत होतं.

किडे मला पहिल्या आठवड्यातच दिसले. लाइट गेली होती आणि फुफांनी बॅटरीच्या काचेला पतंगाचा लाल कागद लावून ती टाकीवर धरली. दगडांच्या भोकाभोकांतून तांबूस, चपटे, दोन्ही अंगांना काचेच्या धाग्यांसारखे केस असलेले किडे अर्धे बाहेर येऊन वाळू चाचपत होते. लाल उजेड त्यांना कळत नाही, असं फुफांनी सांगितलं. मी मागं सरले तशी ते म्हणाले की हे दगडाबरोबर आलेले आहेत, मेलेलं आणि उरलेलं तेवढंच खातात, जित्याच्या वाटेला जात नाहीत. हे आपली खरकटी काढतात, एवढंच लक्षात ठेवायचं. हात मात्र लावायचा नाही, ते केस बोटांत शिरतात आणि चिकटपट्टीनं ओढून काढावे लागतात. आमच्या घरात दखनी बोलली जाते, पण इथं मी सगळ्यांचं बोलणं आमच्या भागातल्या मराठीतच लिहिते आहे. एक शब्द फक्त तसाच ठेवते. आम्ही होकाराला ‘हौ’ म्हणतो. पुढं त्या शब्दाशिवाय सांगताच येणार नाही.

हिवाळ्यात एका सकाळी फुफा नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना मोरीत पडले. बार्शीच्या दवाखान्यातून महिन्याभरानं घरी आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेलेला होता आणि बोलणंही गेलं होतं. एक शब्द राहिला होता, हौ. चहा पाहिजे का म्हटलं की हौ. दुखतंय का म्हटलं की हौ. मी कोण म्हणून विचारलं तरी माझ्याकडे डोळे रोखून, समजून, शांतपणे हौ. त्यांना कळत सगळं होतं, पण बाहेर पडताना प्रत्येक गोष्टीचा तोच एक शब्द होत होता. फुफीनं त्यांची आरामखुर्ची टाकीला लावून ठेवली, कारण दुसरीकडे ठेवली की ते डाव्या हातानं भिंत ठोकायचे. दुकान बंद झालं. टाकीची सगळी कामं माझ्याकडे आली. मीठ, पाणी, काच पुसणं, माशांना सकाळी चिमूटभर खाणं. मला वाटायचं, मी त्यांचा उजवा हात झालेय, आणि सतरा वर्षांच्या पोरीला असं काहीतरी होण्याचा जो एक अभिमान वाटतो तो मला वाटायचा.

जेवताना मात्र ते कुणाला खोलीत थांबू देत नव्हते. त्याचं कारण आम्हाला सहज समजलं होतं. उजवा हात गेल्यामुळे त्यांना डाव्या हातानं खावं लागे, आणि जन्मभर उजव्या हातानं बिस्मिल्ला म्हणून घास उचललेल्या माणसाला ते चारचौघांत करवत नव्हतं. फुफी भरवायला बसली की तोंड फिरवत. म्हणून ती ताट टाकीच्या काचेच्या झाकणावर ठेवायची, गोळी कुस्करून पहिल्या घासात घालायची आणि दार ओढून घ्यायची. आमच्याकडे तेव्हा दुपारी बारा ते चार लाइट नसायची. खोलीत अंधार, टाकीतला दिवा बंद, फक्त बॅटरीवर चालणाऱ्या पंपाची बुडबुड. दोन वाजता फुफी ताट आणायला जायची तेव्हा ताट पुसून घ्यावं तसं स्वच्छ असायचं. भाकरी कुस्करलेला दालचा, अंबाड्याची भाजी, खिचडी, उकडलेलं अंडं, काही उरत नव्हतं. समोरच्या लताबाईंना ती उंबऱ्यातूनच ताट तिरकं करून दाखवायची. लताबाई वरचेवर येणाऱ्या, मोकळ्या तोंडाच्या. त्या म्हणायच्या, खाणं अंगी लागत का नाही मग. आणि ते खरं होतं. फुफांचा कुडता खांद्यावरून निसटायला लागला होता. गालांची हाडं वर आली होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर तपासली, दोन्हीत काही निघालं नाही.

उन्हाळा तापत गेला तसे टाकीतले किडे वाढले. आधी मी लक्ष दिलं नाही. मग एकदा भरदुपारी, बॅटरी न लावताच, काचेला खालून वर चढलेला एक वीतभर किडा दिसला. त्याच्याशेजारी दुसरा होता, आणि पंधरा दिवसांत ते मोजण्याच्या पलीकडे गेले. मला जे विचित्र वाटलं ते असं, की ते सगळ्या टाकीत सारखे नव्हते. फुफांच्या खुर्चीच्या बाजूला दगडांवर जाळी धरल्यासारखे होते आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ नव्हतेच. एका झिंग्यानं कात टाकली. कात टाकली की झिंगा दोन दिवस मऊ असतो, लपून बसतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर वाळूवर तांबूस लोकरीचा गुंडा पडल्यासारखा दिसला, आणि तो हलत होता. काडीनं बाजूला सारला तेव्हा आत लांब पांढऱ्या मिशा होत्या. फुफा खुर्चीतून बघत होते. मी रडवेली होऊन विचारलं की हे तर जित्याला खात नाहीत म्हणाला होतात ना, तर ते म्हणाले, हौ.

लताबाईंनी ते पाहिलं आणि त्या दिवसापासून गल्लीत बोलणं सुरू झालं की फुफांचं अंग त्या किड्यांना जातंय. माणूस वाळतो तसतसे ते फुगतात, हा हिशोब सगळ्यांना डोळ्यांना दिसत होता. फुफीनं मशीन थांबवून मला बजावलं की असलं काही मनात आणायचं नाही. पण त्या संध्याकाळी तिनं टाकीवर पांढरी चादर टाकली, आणि फुफांनी ती डाव्या हातानं ओढून काढली. मीही सायन्सची मुलगी होते, असलं मानत नव्हते. तरी टाकीत हात घालायच्या आधी मी कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला लागले होते, हे आज कबूल करते.

मी माझ्या परीनं उपाय केले. बाटलीच्या बुचाला भोक पाडून आत माशाचा तुकडा ठेवला आणि बाटली वाळूत पुरली. किडे वासानं आत शिरत आणि त्यांना बाहेर पडता येत नसे. एका खेपेला चाळीसेक निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. माशांचं खाणं मी निम्मं केलं, मग बंदच केलं. आठ दिवस टाकीत मी काही टाकलं नाही. मासे भुकेनं काचेशी यायला हवे होते, तर ते मागं सुस्त फिरत होते. पाण्यावर तेलाचे बारीक गोल तवंग दिसायचे. मला वाटलं, शिलाई मशीनचं तेल हाताला लागलं असेल. शेवटी फुफीच्या मोबाइलवरून पुण्याच्या त्या मिठाच्या दुकानदाराला फोन लावला. कंटाळलेल्या आवाजाचा माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की टाकीला खायला किती जण घालतात. मी म्हटलं, मी एकटीच, आणि तेही बंद केलंय.

तो म्हणाला, “ताई, किडा हवेवर वाढत नाही. जेवढं खाली पडतं तेवढाच तो होतो. तुमच्या घरात कुणीतरी त्यांना पोटभर जेवायला घालतंय.”

फोन मी पुढच्या खोलीत फुफीजवळ परत ठेवला. मशीन चालू होतं. मी फुफीला काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं उत्तर माझ्याजवळ आहे आणि ते चांगलं नाही. जे असेल ते बाहेर आलं तर या घराचं काहीतरी मोडेल आणि अब्बा मला ईटला परत नेतील, अशी भीती मला वाटली होती. त्या भीतीपायी मी चार दिवस काढले. त्या चार दिवसांत फुफांच्या डाव्या हाताची बोटं सुजून लाल झाली होती आणि फुफी त्यांना हळद लावत होती. ती बोटं मी पाहिली होती. कशानं सुजतात हे त्या घरात फुफांनंतर मलाच ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी कॉलेजला जाते म्हणून निघाले आणि साडेबाराला मागच्या दारानं आत येऊन मधल्या खोलीत, दारामागं, ज्वारीच्या कणगीवर पाय आखडून बसले. फुफांना चाहूल लागली नाही, किंवा लागली असेल. एक वाजता फुफी ताट घेऊन आली, झाकणावर ठेवलं, पहिला घास कालवला आणि दार ओढून गेली. वाकळीच्या कडेनं उजेडाची एक दोरी येत होती, तेवढ्यात मला ताट दिसत होतं आणि हात दिसत होता. किडे आधीच वर आले होते. झाकण अजून सरकलं नव्हतं, पाण्यात काही पडलं नव्हतं, तरी त्या बाजूच्या दगडांवर ते उभे राहिल्यासारखे होते, वरचं टोक हलवत, पिकात वारा शिरावा तसे. मग फुफांनी झाकण चार बोटं सरकवलं. आणि ते बोलले.

“बिस्मिल्ला,” ते म्हणाले. स्वच्छ, पहिल्यासारखं, एकही अक्षर न अडखळता.

चार महिन्यांत हौ सोडून त्यांच्या तोंडून मी काही ऐकलं नव्हतं. आनंदानं ओरडावं असं ते ऐकणं, पण मी कणगीला धरून बसून राहिले. कारण तो घास त्यांनी तोंडाकडे नेला, ओठांना टेकवला, आणि पाण्यात सोडला. मग दुसरा. तो घाईनं टाकलेला नव्हता. लेकराला भरवतात तसा ते प्रत्येक घास पाण्याखाली बोटांत धरून ठेवत होते, आणि किडे येऊन तो त्यांच्या बोटांतून घेत होते. उरलेला झिंगा त्यांच्या मनगटावर बसला होता. अंड्याचा पिवळा बलक ढगासारखा पसरला आणि त्यात ते तांबूस अंग वळवळत शिरलं. कुणी काही ओरबाडत नव्हतं. एवढ्या भुकेचा काहीच आवाज होत नव्हता, हे मला सगळ्यांत असह्य झालं. शेवटी त्यांनी पावाच्या तुकड्यानं ताट पुसलं आणि तो तुकडाही दिला.

मी कणगीवरून उतरले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, दचकले नाहीत. मी त्यांचा हात पाण्यातून वर काढला आणि ओढणीनं पुसला. बोटांत काचेचे केस खुपसलेले होते.

“फुफा, तुमी जेवत न्हाई?”

“हौ.”

“लई दिवस झाले?”

“हौ.”

“मरायचंय का तुमाला?”

 पहिल्यांदाच त्यांनी हौ म्हटलं नाही. मग माझा हात धरून त्यांनी तो आपल्या गळ्यावर ठेवला, घट्ट दाबून धरला, आणि आवंढा गिळायला गेले. माझ्या बोटांखाली ती गाठ वर चढली आणि तिथंच अडकली. हापशाचा दांडा वर जावा आणि पाणीच नसावं, तसं. ते खोकायला लागले, डोळे बाहेर आले, चेहरा काळानिळा पडला. श्वास परत येईपर्यंत मी त्यांची पाठ चोळत राहिले. आत घास गेला की हे होत होतं. रोज, प्रत्येक घासाला. आणि अजून वाढू का म्हणून विचारलं की तोंडातून एकच शब्द बाहेर पडत होता.

फुफी खोकल्यानं धावत आली. तिला मी ओलं ताट, उघडं झाकण आणि पाणी दाखवलं. तिनं आरडाओरडा केला नाही. खाली बसली, पदरानं ताट पुसलं, जणू ते अजून पुसायचं राहिलं होतं. मग म्हणाली, “मी विचारायची, अजून वाढू का. ते हौ म्हणायचे. मी वाढायची.” आणि थोड्या वेळानं, “गोळ्याबी तिकडंच गेल्या असतील.”

त्याच दुपारी जीप करून आम्ही बार्शीला गेलो. मधे कधीतरी दुसरा लहान झटका येऊन गेला असावा, असं डॉक्टर म्हणाले, त्यात घशाची एक बाजू गेली. सकाळी चहात भिजवून लगदा केलेला पाव तेवढा ते फुफीच्या देखत कसाबसा उतरवत, त्याच्यावर ते दीड-दोन महिने जगले होते. अजून एक आठवडा गेला असता तर, असं बोलायला डॉक्टरांनी सुरुवात केली आणि फुफांकडे बघून थांबले. माझे चार दिवस मी तेव्हा मनात त्या आठवड्यातून वजा केले, आणि आजही करते. तीन आठवडे नाकातून नळी होती. मग हनुवटी छातीला लावून गिळायचं शिकवलं गेलं. पातळ काही द्यायचं नाही, घट्ट द्यायचं, म्हणून फुफी ज्वारीची आंबील चमचा उभा राहील इतकी दाट करायची. आता ती समोर बसून भरवत होती आणि ते तोंड फिरवत नव्हते. कोणत्या हातानं, हा प्रश्नच उरला नव्हता.

लताबाईंनी टाकी ओढ्यात ओतून टाका म्हणून सांगितलं. मलाही तसंच वाटत होतं, त्या खोलीत मला एकटीला जाववत नव्हतं. फुफी नको म्हणाली. ती म्हणाली, त्या किड्यांनी सांगितलं नसतं तर आमाला कळलं नसतं. मग मी रोज थोडं पाणी बदललं, दगडांमागं सडलेला चिखल नळीनं ओढून काढला. त्यात भाताची शितं होती, मटणाचे दोरे होते, आणि फुगलेल्या पांढऱ्या गोळ्यांचा चुरा होता. वरून काही पडत नाही म्हटल्यावर किडे कमी व्हायला लागले. मेलेल्यांना उरलेले खात. पण दुपारी एक वाजला की जे राहिले होते ते खुर्चीच्या बाजूला वर येत. घड्याळ लावून बघावं इतके वेळेवर. फुफी आंबिलीचा वाडगा घेऊन बसलेली असायची, फुफा हनुवटी छातीला टेकवून घास गिळत असायचे, आणि काचेच्या पलीकडून ती टोकं हलत असायची. माझी मुलगी आता तेव्हाच्या माझ्याएवढी आहे. तिला हे सांगितलं तर ती म्हणते, त्यांना वासानं कळत असेल. असेलही. वाडगा टाकीपासून दोन हात लांब असायचा.

फुफा प्रत्येक जेवणाआधी त्यांच्याकडे बघायचे. कसं बघायचे ते मला नीट सांगता येत नाही. आपलं काही चुकलंय आणि समोरचा काही म्हणत नाही, तेव्हा आपण बघतो, तसं काहीसं. रोज ते कमी होत होते, दहा, सहा, तीन. मग एक दुपार आली की एक वाजला, सव्वा वाजला, आणि काचेशी कुणीच आलं नाही. वाळू सपाट होती. झिंगा दगडावर एकटा मिशा हलवत होता. फुफीनं चमचा पुढं केला, तर फुफांनी डाव्या हातानं तो अडवला. ते टाकीकडे बघत राहिले. फुफी चमचा तसाच धरून बसली, तिनं घाई केली नाही. आंबिलीवर साय धरली. दोन वाजायला आले तेव्हा फुफांनी खोल श्वास घेतला, पुटपुटल्यासारखं बिस्मिल्ला म्हणाले, आणि तोंड उघडलं.